लाल ८०० घरीच स्प्रेने रंगवायची? आधी एक पांढरं फडकं घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००६ची लाल मारुती ८००, गाव रत्नागिरी. वडिलांची गाडी, म्हणून विकायची नाही. टप आणि बॉनेट उन्हानं गुलाबी पडलेत, ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फुगे आलेत. गॅरेजवाल्यानं पूर्ण गाडीचे ३५ हजार सांगितले, तुमच्याकडे ८ हजार आहेत. मुलानं व्हिडिओ बघितलेत, आणि पुन्हा पासिंगची तारीख जवळ आलीय. तर स्प्रे कॅन आणून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सगळी गाडी मारता येईल का?

मी कोल्हापुरात तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. कॅन म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. माझ्या कपाटात आत्ताही सात-आठ कॅन आहेत. आरशाचं कव्हर, व्हील कॅप, बंपरचा कोपरा असल्या कामाला कॉम्प्रेसर चालू करायचा कंटाळा येतो. पण सगळी गाडी कॅननं मारू नका. बॉनेट मारा, दार मारा, अगदीच हौस असेल तर टप मारा. आणि त्याच्याही आधी, मारायची गरज आहे का ते बघा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तुमचा रंग मेलेला वाटत नाही, त्याच्यावर राख धरलेली वाटते.

बॉनेट धुवा, कोरडं करा आणि एक जुनं पांढरं सुती फडकं घ्या. धोतराचं मिळालं तर उत्तम. त्यावर बोटभर रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासून चमकवायची पेस्ट, घेऊन गुलाबी जागेवर वीतभर चौकोनात जोर लावून घासा. फडकं लाल झालं तर तुमचे निदान पाच हजार वाचले. लाल रंग उन्हापुढे लवकर मान टाकतो. वरच्या थरातलं रेझिन उन्हानं तुटतं, रंगाची भुकटी मोकळी पडते आणि ती भुकटी आपल्याला गुलाबी-पांढुरकी दिसते. खाली लाल शाबूत असतो. जुन्या गाड्यांच्या साध्या रंगांवर, म्हणजे ज्यात चमचम नाही असल्या लाल-पांढऱ्यावर, अनेकदा वरचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतोच, म्हणून रंग थेट फडक्याला लागतो. असं असेल तर टप आणि बॉनेट दोन्हीला हातानं कंपाउंड मारा, वरून वॅक्स लावा. तीन-चारशे रुपयांचं सामान, एक दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुखणारे खांदे. कोकणातल्या उन्हात सहा महिन्यांनी वॅक्स पुन्हा लावावं लागेल.

फडकं पांढरंच राहिलं आणि बॉनेटच्या कडेनं सापाच्या कातीसारखे पारदर्शक पापुद्रे सुटत असतील, तर वर क्लिअर होता आणि तो गेलाय. गेलेला क्लिअर घासून परत येत नाही. मग रंग मारणंच आलं.

कंपाउंड मारताना एक भान ठेवा. कंपनीचा प्रायमरपासून वरपर्यंतचा सगळा थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा असतो, म्हणजे वर्तमानपत्राचे जेमतेम दोन कागद. बॉनेटच्या उठावाच्या रेघेवर तो त्याहून पातळ. तिथं जोर लावलात तर दोन मिनिटांत करडा प्रायमर डोकावतो. त्या रेघांवर आधी मास्किंग टेप लावा, सपाट भाग घासा, मग टेप काढून रेघ नुसत्या बोटानं हलकी फिरवून घ्या.

आता सगळी गाडी का नाही, त्याचा हिशेब. कॅन बहुतेक ४०० मिलीचा येतो. तुमच्या बॉनेटला प्रायमरचा एक ते दीड कॅन लागेल, लालचे दोन ते तीन, क्लिअरचे दीड-दोन. म्हणजे पाच-सहा कॅन. बरा कॅन आमच्याकडे तीनशेच्या आसपास मिळतो. बॉनेटचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या थोडं वर; टप, चार दारं, दोन्ही फेंडर, मागचे क्वार्टर पॅनेल, डिकी असं सगळं धरलं तर ते नऊ-दहावर जातं. पंचेचाळीस-पन्नास कॅन झाले. साडेतेरा ते पंधरा हजार नुसत्या कॅनचे, त्यात ना घासायचा पेपर, ना टेप, ना पुटी. तेवढ्या पैशात रंगाच्या दुकानातून गाडीच्या कोडप्रमाणे रंग बनवून घेऊन एखाद्या छोट्या गॅरेजमध्ये गननं मारून मिळतो, आणि तो जास्त टिकतो.

का टिकतो, ते सांगतो. साध्या कॅनमधला रंग मिठागरासारखा वाळतो. पाणी उडालं, मीठ उरलं. पुन्हा पाणी घाला, पुन्हा विरघळलं. तसंच इथं थिनर उडून जातं आणि रंग मागं राहतो, पण उद्या त्यावर थिनर किंवा पेट्रोल सांडलं तर तो पुन्हा मऊ पडतो. गॅरेजमध्ये जो टू-के रंग मारतात त्यात हार्डनर मिसळलेलं असतं. ते उकडलेल्या अंड्यासारखं आहे, एकदा घट्ट झालं की मागं फिरत नाही. आणि कंपनीत तर रंगवलेली बॉडी भट्टीतून काढतात, वरचा कोट सुमारे १४० अंशांवर भाजला जातो. माझ्याकडच्या बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंदिस्त खोलीत, साठ अंश मिळाले तरी मी खूश असतो. तुमच्या पार्किंगमध्ये ते काहीच नाही. माझ्या अनुभवात उन्हात उभ्या गाडीवर कॅनचा रंग दोन-तीन वर्षं बरा दिसतो, टू-के सात-आठ.

मुलगा म्हणेल, टू-के क्लिअरचे कॅनसुद्धा मिळतात, बुडाला बटण दाबलं की आतलं हार्डनर मिसळतं. मिळतात, आणि काम झकास करतात. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि ते श्वासातून गेलं की दमा लागू शकतो, तोही कायमचा. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढं नुसत्या वासानंही छाती भरते. आमच्या धंद्यातली दोन माणसं मी याच कारणानं काम सोडताना पाहिलीत. बाहेरची हवा नळीनं पुरवणारा मास्क नसेल तर घरी हा कॅन नको. मुलाच्या हातात तर नकोच.

मग मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? टप आणि बॉनेट कंपाउंडवर भागत असेल तर भागवलं असतं, आणि फक्त दार रंगवलं असतं. दाराचा गंज बाकी थांबणारा नाही.

दाराच्या खालच्या कडेचे फुगे बाहेरून आलेले नसतात, आतून आलेले असतात. काचेवरून आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून दाराच्या बुडाला बारीक भोकं असतात. पाला, माती, तुमच्याकडची जांभ्याची लाल धूळ यांनी ती बुजतात आणि पाणी आत पावसाळाभर साचून राहतं. आधी ती भोकं तारेनं मोकळी करा. काळं पाणी आलं तर समजा, रोग सापडला. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं फुगा दाबून बघा. टोक आरपार गेलं तर पत्रा संपलाय. तिथं तुकडा वेल्ड करून घ्यावा लागेल. भोकावर पुटी थापून वर रंग मारणारे बरेच आहेत. एक पावसाळा जातो, दुसऱ्या पावसाळ्यात पुटीचा अख्खा पापड हातात येतो.

पत्रा शाबूत असेल तर ८० नंबरच्या पेपरनं फुगा आणि त्याच्या भोवतीचा दोन बोटं चांगला रंगही काढा, पत्रा लख्ख दिसेपर्यंत. खड्ड्यांत जो काळपट गंज उरतो त्याला रस्ट कन्व्हर्टर लावा, तो काळा पडेल, दिवसभर तसाच ठेवा. मग पुटी, आमच्या भाषेत लांबी. घरात भिंतीला भरतात ती नव्हे, हार्डनरच्या ट्यूबसोबत येणारी पॉलिस्टर पुटी. लिंबाएवढ्या पुटीला हरभऱ्याच्या दाण्याएवढं हार्डनर. पत्र्याच्या तुकड्यावर घोटा, रंग सगळीकडे एकसारखा झाला की लगेच लावा, कारण उकाड्यात पाच-सहा मिनिटांत तिचा खडा होतो. लवकर वाळावी म्हणून हार्डनर जास्त घालू नका. जादा हार्डनरचा डाग चार दिवसांनी वरच्या रंगातून डोकं काढतो, आणि मग कितीही कोट मारा, तो जात नाही.

वाळलेली पुटी कोरडीच घासा. आमच्या लाइनीतले निम्मे लोक ती पाण्यानं घासतात, धूळ उडत नाही म्हणून. मीही शिकताना तेच करायचो. पण पुटी बिस्किटासारखी आहे, पाणी पिते. वरून प्रायमर मारला की ते पाणी आत कोंडतं आणि पत्रा पुन्हा आतून गंजू लागतो. १८० नं आकार काढा, ३२० नं साफ करा, तोंडाला फडकं बांधा.

घासण्याबद्दल जरा लांबण लावतो, कारण काम इथंच होतं किंवा बिघडतं. व्हिडिओत घासणं पन्नास सेकंदांत उरकतात. प्रत्यक्षात दार करायला तुम्हाला पूर्ण एक दिवस घासण्यात घालवावा लागेल आणि रंग दोन तासांत मारून होईल. पेपर बोटांनी धरून घासू नका. बोटांच्या चार सऱ्या पडतात. आत्ता दिसत नाहीत, चकचकीत लाल मारला की दारावर उसाच्या शेतासारख्या दिसतात. रबरी ब्लॉक घ्या. नसेल तर जुनी हवाई चप्पल घ्या, टाचेकडचा हाताच्या पंजाएवढा तुकडा सुरीनं सरळ कापा आणि त्यावर पेपर गुंडाळा. माझ्या वस्तादांनी मला पहिल्या दिवशी दिलेलं हत्यार हेच. दुकानात मिळणारे ब्लॉक माझ्याकडे चार आहेत, हात अजून चपलेकडेच जातो.

नुसता जुना रंग खरखरीत करायचा असेल तर ४०० चा वॉटर पेपर पुरतो. सगळीकडे चमक मेली पाहिजे, आरशासारखी दिसणारी एकही जागा नको, विशेषतः हँडलच्या खाचेत आणि कडांना. नवा रंग सुटतो तो तिथूनच.

मग पुसणं. पुसायला रॉकेल नको, डिझेल नको, ती तेलकट पापुद्रा मागं ठेवतात. वॅक्स-ग्रीस रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दोन फडकी, एकानं ओलं लावायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्यानं टिपायचं. यानंतर दाराला हात लावायचा नाही, कोणीही नाही. डॅशबोर्डच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा नुसता फवारा शेजारी उडालेला असला तरी ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल-गोल छिद्रं पडतात, रंग तिथून मागं सरतो. एकदा माझ्या बॉनेटवर अशी पाच छिद्रं ओळीनं आली. कुठून आली म्हणून डोकं खाजवत होतो. नंतर लक्षात आलं, मालक गाडी बघायला आला होता आणि पुसून ठेवलेल्या बॉनेटवर हात टेकून उभा होता. डोक्याला खोबरेल, तोच हात बॉनेटला.

प्रायमर कोणता? हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर तो ग्रिलला लावायचा रेड ऑक्साइड हातात देईल. लालखाली लाल, बरंच झालं असं वाटेल. घेऊ नका. तो तेलाचा, इनॅमल जातीचा. त्यावर कॅनमधला अॅक्रिलिक किंवा लॅकरचा रंग पडला की त्यातलं कडक थिनर खालचा थर उचलतं आणि डोळ्यांदेखत दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. उमेदवारीच्या दिवसांत मी एका टेम्पोच्या दारावर हा पराक्रम केलाय. वस्ताद ओरडले नाहीत, नुसता पत्र्याचा खरवडणा हातात दिला. दोन दिवस खरवडत होतो. म्हणून प्रायमर, रंग, क्लिअर तिन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्या. लाल रंगाचे सगळे कॅन एकदम, एकाच बॅचचे घ्या. आणखी एक: लाल रंग झाकायला फार कमकुवत, त्यातून खालचं दिसतं. गडद करड्या प्रायमरवर चार कोट मारूनही तो मळकट विटकरी दिसेल. पांढरा किंवा फिका करडा प्रायमर घ्या.

प्रायमरचे दोन कोट मारा, रात्रभर वाळू द्या. मग एक गंमत करा. काळ्या रंगाचा कुठलाही स्वस्त कॅन घ्या आणि हात लांब धरून दारावर नुसता शिडकावा करा, तांदळात काळे तीळ पडावेत इतपत. आता ६०० च्या पेपरनं, ब्लॉक लावून, पाणी घेऊन घासा. जिथं पृष्ठ सपाट आहे तिथले ठिपके लगेच जातात. जिथं खड्डा आहे तिथं काळं तसंच राहतं, उंचवटा असेल तिथं प्रायमर उडून खालची पुटी दिसते. हात फिरवून जे कळत नाही ते हे ठिपके दाखवतात. काळं राहिलेल्या जागी थोडी पुटी, पुन्हा प्रायमर, पुन्हा ठिपके. पहिल्यांदा करणाऱ्याला तीन फेऱ्या लागतात. तिसरी फेरी टाळायचा मोह होईलच, आणि टाळलीत तरी रंग बसेल, पण दार तिरप्या उजेडात लाटा मारेल. ते तुम्हाला चालतंय का ते तुम्ही ठरवा. पासिंगला येणारा साहेब ते बघत नाही.

मास्किंगला वर्तमानपत्र चालतं, पण दुहेरी. एकेरी कागदातून थिनर झिरपतं आणि शाई काचेवर उतरते. काचेच्या रबराखाली बारीक सुती दोरी सरकवा, रबराचा ओठ वर उचलला जातो आणि रंग त्याच्या खाली जाऊन संपतो. रबराच्या वर टेप लावून मारलेली गाडी दहा पावलांवरून ओळखू येते.

बॉनेट मारायची वेळ आलीच तर काढून मारा. बिजागऱ्यांचे बोल्ट सोडायच्या आधी बोल्टभोवती मार्करनं रेघ ओढून ठेवा, नाहीतर परत बसवताना फट जुळवत बसाल. काढताना दोन माणसं हवीत. खाली आडवं टेकवू नका, भिंतीला तिरकं लावा. कॅन फार खाली वाकवला की आतली नळी रंग सोडून नुसता गॅस ओढते आणि मग थुंकल्यासारखे थेंब पडतात.

आता प्रत्यक्ष मारणं. दिवस कोरडा हवा. तुमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊ ते बारा. पावसाळ्यात नको म्हणजे नको. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. दरवर्षी गणपतीच्या आधी कोकणात जायचं म्हणून लोक गाड्या घेऊन येतात आणि मी दरवर्षी थोड्यांना नाही म्हणतो. एकदा नाही म्हटलं नाही. काळं बॉनेट होतं, ऑगस्टची संध्याकाळ, दहा मिनिटांत त्यावर ताक फिरवल्यासारखं झालं. संध्याकाळ टाळायचं दुसरं कारण चिलटं. त्यांना ओला लाल रंग का आवडतो देव जाणे.

मारायच्या आधी जमिनीवर पाण्याचा सडा घाला, धूळ बसते. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा, कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं, गरम नव्हे. कॅनवर पन्नास अंशांच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं ते खरं आहे. आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. पुठ्ठ्यावर मारून बघा.

अंतर एक वीत. मोजपट्टी नको, अंगठा आणि करंगळी ताणा, तेवढंच. जवळ गेलात तर ओघळ, लांब गेलात तर रंग हवेतच वाळून खरखरीत पडतो. बटण दाराच्या बाहेर दाबायचं, हात चालत असताना दारावर यायचं, पलीकडे बाहेर पडून सोडायचं. मनगट वळवू नका, अख्खा हात सरकवा, पत्र्याला समांतर. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला कोट नुसता धुकं, खालचा प्रायमर निम्मा दिसला पाहिजे. तो बघून जीव राहत नाही आणि माणूस लगेच त्यावर भरून मारतो. ओघळ तिथंच येतो. पंधरा मिनिटं चहा घ्या. दुसरा कोट जरा ओला, तिसरा ओला, लाल आहे म्हणून चौथा. कॅनचा शेवटचा दहावा हिस्सा थुंकतो, तो दारावर वापरू नका. ओघळ आलाच तर बोट लावू नका, फडकं लावू नका. वाळू द्या, दुसऱ्या दिवशी १०००च्या पेपरनं ब्लॉकवर सपाट करा आणि त्या जागी पुन्हा मारा.

क्लिअर कधी मारायचा ते कॅनवर लिहिलेलं असतं आणि ते पाळा. बऱ्याच कॅनवर पहिल्या तासाभरात मारा, नाहीतर २४ तास थांबा, असं असतं. मधल्या वेळात खालचा थर अर्धवट असतो आणि पुन्हा तीच साय धरते. टेप मात्र क्लिअर पूर्ण कडक व्हायच्या आत, मागे दुमडून हळू ओढा.

पार्किंगबद्दल. कॅनमधला गॅस आणि थिनर दोन्ही पेटतात. बिल्डिंगखाली मीटरच्या खोलीजवळ, इन्व्हर्टरजवळ, चालू स्कूटरजवळ हे काम नको. आणि उडालेला लाल धुरळा पंधरा-वीस फुटांवरच्या शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर बसतो. लगेच दिसत नाही, हात फिरवल्यावर लागतो. ती गाडी साफ करून द्यायचा खर्च तुमच्या दारापेक्षा जास्त. एखाद्याचं उघडं अंगण किंवा रिकामी शेड बघा. मास्क कोविडमधला नको, तो थिनरची वाफ अडवत नाही. कोळशाच्या डब्या लावलेला, सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क हवा.

रंग सोडून आणखी एक वाट आहे, ती गॅरेजवाला आपणहून सांगणार नाही. बिलात रंगापेक्षा मजुरी मोठी असते आणि मजुरीतला मोठा हिस्सा घासण्याचा. ओळखीच्या पेंटरला विचारा, "मी दारं घासून, पुटी करून आणतो, तुम्ही प्रायमर आणि टू-के मारा, किती घ्याल?" सगळे तयार होत नाहीत, दुसऱ्यानं घातलेल्या पायावर आपला कोट मारायला आमचा जीव धजत नाही, उद्या फुगा आला तर नाव आमचं जातं. पण मी दोन-तीन जणांचं असं केलंय. ठिपक्यांची फेरी माझ्यासमोर करून दाखवायची, एवढीच अट घातली.

मुलाला गाडी लष्करी हिरवी करायचीय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते डोक्यातून काढा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१व्या नियमानं ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्याच्या वाहनांना राखून ठेवलाय. दुसरा कुठला रंग करायचा तरी आरसीवर लाल लिहिलंय, त्याची नोंद आरटीओकडे आणि विम्यात बदलून घ्यावी लागते, आणि पासिंगच्या तोंडावर हा उद्योग कशाला. लाल आहे तो लालच राहू दे.

मारून झाल्यावर दार चोवीस तास लावू-उघडू नका, रबराला चिकटतं. आठवडाभर धुऊ नका. तीन आठवड्यांनी २०००च्या पेपरनं पाण्यात हलकं घासून कंपाउंड मारा, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा तिथं जातो आणि पहिल्यांदा चेहरा दिसायला लागतो. वॅक्स महिन्यानंतर. आणि पेट्रोलच्या झाकणाजवळचं पॅनेल मात्र कॅननं मारूच नका, तिथं जुनाच रंग असू द्या. मारलंच असेल तर डिकीत एक फडकं ठेवा आणि पंपावर नळी बाहेर काढताना ते झाकणाखाली धरा.